सीमाभागातून उठून गेलेल्यांची पोरं: राहतात कुठं आणि मत कुणाला देतात?

शहापूरकर

आमच्या आजोबांच्या पिढीत मत कुणाला हा प्रश्नच नव्हता. समिती म्हणजे समिती, बेळगाव महाराष्ट्रात न्या म्हणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि त्यानंतरची प्रत्येक निवडणूक त्यांच्या लेखी सार्वमतच. पुढं त्यांची पोरं पोटासाठी निघाली. कोण मुंबईच्या गिरणीत, कोण पिंपरीत, कोण गोव्यात, शिकलेली बेंगळुरात. खेड्यातली बरीच बेळगावातच उद्यमबाग, मच्छे, पिरनवाडीला येऊन राहिली. आता या निघालेल्यांची पोरं मतदार झालीत. ती नेमकी कुठं पसरलीत आणि कुठल्या पक्षाकडं झुकलीत, हे समजून घ्यायचंय.

आकडे बघा. २०१३ ला समितीचे २ आमदार आले, बेळगाव दक्षिण आणि खानापुरातून. २०१८ ला शून्य, २०२३ ला परत शून्य. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळकेंना १ लाखाच्या वर मतं पडली आणि २०२४ ला समितीचा उमेदवार १० हजारांच्या आत आटोपला. तीन वर्षांत एवढा मतदार काय मेला नाही की गाव सोडून गेला नाही.

माझा अंदाज: आईबाप कुठल्या गावचे यापेक्षा पोर कुठल्या वसाहतीत वाढलं, यावर पक्ष ठरतो. पटत नसेल तर खोडून काढा. लिहिताना आईबाप कुठून निघाले, तुम्ही कुठं आहात आणि वॉर्ड, विधानसभा, लोकसभा तिन्हीकडं एकच मत देता का, एवढं सांगा. जात काढायची नाही.

उद्यमबाग_टर्नर

वडील नंदगडकडचे, फौंड्रीत आले. मी मच्छ्यात जन्मलो. वॉर्डाला गल्लीतला माणूस, विधानसभेला समिती, लोकसभेला मोदी. तिन्ही मतं वेगळी आणि तिन्ही खरी.

कुंदा_स्पेशल

टर्नरभाऊ, तुमच्या एका बोटाला तीन शाया लावायला पाहिजेत.

नंदगडची_लेक

टर्नरभाऊ आमच्याच गावचे निघाले! मी भोसरीत. माझे वडील चाकणला कंपनीत लागले तेव्हा मी तिसरीत होते.

आमच्या घरात दोन पिढ्यांचं राजकारण वेगळं झालं ते रेशनकार्डावरून. वडिलांनी गावचं नाव काही कमी केलं नाही. त्यांचं म्हणणं, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतला रहिवासी असल्याचा कागद हातात असला की महाराष्ट्रात कॉलेजला सीमाभागाच्या जागेवर पोरीला प्रवेश मिळेल. पण भाऊ भोसरीतच जन्मला. त्याला सीमाप्रश्न विचारला तर तो रेड झोन (लष्करी हद्दीजवळची बांधकामबंदी) आणि ट्रॅफिक यावर बोलायला लागतो. तो कुणाला मत देतो? जो नगरसेवक टँकर पाठवतो त्याला. पक्ष बदलला तरी नगरसेवक तोच, म्हणून याचंही मत तिकडं सरकतं. कधी घड्याळ, कधी कमळ.

मी स्वतः शिवसेनेकडं झुकलेली, तीही कुठल्या शिवसेनेकडं ते विचारू नका. आमच्याकडं हा झुकाव वारशानं आला. १९६९ ला मुंबईत शिवसेनेचं सीमा आंदोलन झालं, बाळासाहेबांना अटक झाली, तेव्हा आमचे मोठे काका गिरणीत होते. त्यांच्यासाठी सेना म्हणजे बेळगावसाठी तुरुंगात गेलेली माणसं. पण हे मी काकांकडून ऐकलंय, भाऊ कुणाकडून ऐकणार?

किल्लातळं

लेकीनं मुद्द्याचं सांगितलं. पण मला एक राहून राहून वाटतं, ते कडू लागलं तरी लिहितो. बाहेर गेलेल्यांचा सीमाप्रश्न फुकटचा आहे. पुण्यात ग्रुपवर 'बेळगाव कारवार निपाणी' टाकायला काय जातंय? इथं दुकानाच्या पाटीपासून सातबाऱ्यापर्यंत कन्नडशी गाठ आहे. इथल्या माणसाला तहसीलदाराकडं काम असतं, आमदाराचा फोन लागतो. समितीचा आमदार निवडून आला तरी बेंगळुरात तो एकटा. कागदोपत्री तर अपक्षच. त्याच्यामागं सरकार नाही. इथं राहिलेल्यांची पोरं राष्ट्रीय पक्षाकडं गेली ती एवढ्यासाठी. निष्ठा आटली म्हणून कुणी गेलं नाही.

२०२१ ला महापालिकेत ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या. त्यातले किती नगरसेवक घरी मराठी बोलतात ते मोजा, मग 'मराठी माणूस हरला' म्हणा.

शहापूरकर

@किल्लातळं, म्हणजे वसाहतीपेक्षा सरकारी कामाची गरज मोठी, असं म्हणताय? मग पुण्यातल्या पोरांना तशी गरज नसून ती समितीच्या बाजूची का नाहीत?

किल्लातळं

कारण पुण्यात समिती मतपत्रिकेवर नाही ओ.

चंदगडी_काजू

सगळे जाण्याचंच बोलूलाल्यात. येण्याचं कोण बोलणार? आमचे वडील चंदगडहून बेळगावला आले. कापड दुकानात गुमास्ता. आता कुणी म्हणेल, महाराष्ट्र सोडून कर्नाटकात कशाला? अहो, चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या वेळी जिल्ह्यातला चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा इकडं आला. रेघ मारणाऱ्यानं रेघ मारली, पण आमची रताळी, काजू, दवाखाना, सोनार, लग्नाचा बस्ता, सगळं बेळगावातच राहिलं. कोल्हापूर आम्हाला शंभर किलोमीटरच्या वर पडतं.

तर आमच्यासारख्यांची दुसरी पिढी कंग्राळी, हिंडलगा, सह्याद्रीनगर, गणेशपूर अशी शहराच्या पश्चिमेला, गावाकडच्या रस्त्यावर पसरली. मुद्दाम नाही. शनिवारी गावाला जायला सोयीचं पडतं. आणि राजकारण? आमच्यात कर्नाटकाचं राजकारण घरात बोललंच जात नाही. चहाला बसलं की साखर कारखाना, केडीसीसी (कोल्हापूरची जिल्हा बँक), चंदगडची आमदारकी. २०१९ ला राष्ट्रवादीचे राजेश पाटील, २०२४ ला अपक्ष शिवाजी पाटील, याच्यावर भावाभावांत भांडण. बेळगाव उत्तरचा आमदार कोण विचारलं तर अर्धी पोरं मोबाइल काढतात.

कुंदा_स्पेशल

आणि मतदान कार्ड किती आहेत चंदगडी भाऊ? खरं सांगा.

चंदगडी_काजू

माझं एक. घरातल्यांचं मी बोलत नाही.

कोर्टकचेरी

बोलू नकाच, हा सार्वजनिक धागा आहे. 😄

गंमत सोडा, नियम सांगतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ नुसार एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत असू शकतं. कलम १९ ला 'सामान्यतः रहिवासी' असावं लागतं. गावाला नुसतं घर आहे म्हणून तिथला रहिवासी ठरत नाही. खोटं निवेदन दिलं तर कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. दोन्हीकडं मत टाकलं तर १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ आहेच.

सीमेवर दुहेरी नोंद जुनी आहे, आणि सगळी लबाडीतून येत नाही. मुलगी लग्न होऊन पलीकडं जाते, माहेरचं नाव कुणी काढत नाही. २०२४ ला ७ मे या एकाच दिवशी बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा तिन्हीकडं मतदान होतं. चंदगड कोल्हापूर लोकसभेत येतं. त्यामुळं ज्यांची नावं दोनदोनदा होती त्यांना एक बाजू निवडावी लागली. पुण्याचं मात्र १३ मेला होतं.

घाटी_वास्को

हँडलवरून कळलंच असेल. गोव्यात आम्हाला हेच म्हणतात, मीच लावून घेतलंय म्हणजे दुसऱ्यानं म्हणायला काही उरत नाही.

वडील जांबोटीकडचे. वास्कोला बंदरात आले, मी इथंच जन्मलो, पोर्तुगीज वेळच्या शाळेच्या इमारतीत शिकलो, कोंकणी गोंयकारासारखी बोलतो. आमच्यासारख्यांची वस्ती म्हणजे वास्को, झुआरीनगर, मडगावच्या कडेला, फोंड्याच्या औद्योगिक पट्ट्यात. दूध आणि भाजी घेऊन चोर्ल्यातून रोज येणारे वेगळे, ते मत गावाला देतात. आम्ही इथं देतो.

आमचं झुकणं समजायचं तर गोव्याच्या दोन गोष्टी बघायला लागतात. पहिली, १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावर १६ जानेवारीला मतदान झालं आणि लोकांनी नको म्हटलं. विलीनीकरण मागणारा पक्ष मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक. म्हणजे बेळगावात 'महाराष्ट्रात जाऊया' म्हणणारा बाप गोव्यात आला आणि इथं ज्यांना महाराष्ट्र नको होता त्यांच्यात राहिला. माझ्या वडिलांनी मगोला मत दिलं ते सिंहाचं चिन्ह आणि 'महाराष्ट्रवादी' हे नाव बघून. फोंड्याकडं अजून दिसतो असा मतदार.

दुसरी गोष्ट ताजी. रेव्होल्युशनरी गोवन्स नावाचा पक्ष २०२२ ला उभा राहिला, एक आमदार आला. त्यांची मागणी: मूळ गोंयकार कोण हे कायद्यानं ठरवा, १९६१ च्या मुक्तीआधी आईबाप किंवा आजीआजोबा इथं जन्मलेले असले पाहिजेत. आता मी इथं जन्मलो, माझी पोरगी इथं जन्मली, पण त्या व्याख्येत तीही बसत नाही. मग मी कुणाकडं झुकणार? जो आमचं वीजकनेक्शन तोडणार नाही त्याच्याकडं. विधानसभेला माणूस बघतो, पक्ष काँग्रेस असो नाहीतर भाजप. आमच्यातले बरेच आज भाजपकडं आहेत, त्यात धर्म आहे आणि सत्ताही आहे.

आणखी एक. वर किल्लातळं म्हणाले बाहेरच्यांचा सीमाप्रश्न फुकटचा. माझ्यापुरता तो उलटा झालाय. इथं 'परप्रांतीय हटाव' ऐकल्यावर बेळगावात कन्नडवाल्यांच्या नावानं घोषणा द्यायला तोंड उघडत नाही.

जुना_कट्टा

शेवटचं वाक्य कापून ठेवतो, वास्को.

मी इथला सगळ्यात म्हातारा असेन, तर पोरांना एक किस्सा. १९९६ च्या लोकसभेला बेळगावातून ४५६ उमेदवार उभे होते. देशाचं लक्ष वेधायला समितीनं ठरवून अर्ज भरायला लावले. मतपत्रिका कसली, वहीच ती. चिन्ह शोधता शोधता आमच्या आईनं केंद्रावर खुर्ची मागितली. तेव्हा मुंबईला, पुण्याला गेलेली पोरं रजा काढून यायची, अर्ज भरायची, डिपॉझिट घालवायची. डिपॉझिट जाणार हे माहीत असून भरलं, हे लक्षात घ्या. दुसरी पिढी त्याच घरात वाढली. मग ती का फिरली?

माझं उत्तर: १९८६ ची आठवण त्यांना नाही. १ जूनच्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आम्ही दर वर्षी जातो. तेव्हा शिवसेनेत असलेले छगन भुजबळ वेष पालटून आले होते ते आमच्या डोळ्यांसमोरचं. पोरांसाठी ते व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड. राग वारशानं देता येत नाही.

बैलहोंगल_टू_बेळगाव

नमस्कार. मी कन्नड माणूस, मराठी शाळेशेजारी वाढलोय म्हणून लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही दुसरी पिढी म्हणताय ती फक्त मराठी घरातली धरलीत. माझे वडील बैलहोंगलहून आले, रामतीर्थनगरात प्लॉट घेतला. गोकाक, सौंदत्ती, अथणीकडचे असे किती आले महांतेशनगर, रामतीर्थनगर, कणबर्गीकडं! आम्हीपण स्थलांतरितांची पोरंच की. शहराचा नकाशा काढा. पूर्वेला हायवेकडं आमच्या वसाहती वाढल्या, पश्चिमेला आणि दक्षिणेला शहापूर, वडगाव, अनगोळ ही जुनी मराठी वस्ती. त्यात २००८ च्या फेररचनेत उचगाव मतदारसंघच गेला. उचगावचा मराठी पट्टा आणि हिरेबागेवाडीकडचा कन्नड पट्टा मिळून बेळगाव ग्रामीण झाला. समितीची मतं कमी झाली हे खरं असेल, पण रेघापण बदलल्या, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिलं.

आमची पोरं कुणाला देतात? लिंगायत म्हणून भाजप, असं सगळे धरून चालतात. माझ्या घरात बायको काँग्रेस. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० येतात.

किल्लातळं

रेघांचा मुद्दा मान्य, चांगला धरलात. आणि तुमचं मराठी आमच्या पोरांपेक्षा बरं आहे.

नंदगडची_लेक

गृहलक्ष्मीवरून आठवलं. आमच्या मावश्यांच्या ग्रुपवर यंदा राजकारण एवढंच: इकडं लाडकी बहीण १५००, तिकडं गृहलक्ष्मी २०००, वर बस फुकट. नंदगडची मावशी म्हणाली, "सीमेवरच्या कोगनोळीपर्यंत मी राणी, पुढं तिकीट." एका आत्यानं तर सरळ विचारलं, महाराष्ट्रात गेलो तर महिन्याला ५०० कमी होणार का? यावर समितीच्या काकांकडं उत्तर नव्हतं.

कुंदा_स्पेशल

सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याला आत्यांना पक्षकार करा. दोन तारखांत निकाल लागतोय बघा.

निपाणी_तंबाखू

निपाणीला विसरलात. इथं समिती कधीचीच मागं पडली, पण महाराष्ट्राचा पक्ष येऊन लढला. २०२३ ला भाजपच्या शशिकला जोल्ले जिंकल्या, दुसऱ्या नंबरवर राष्ट्रवादीचे उत्तम पाटील, काँग्रेस तिसरी. घड्याळाला कर्नाटकात एवढी मतं! आमचा कागल-इचलकरंजीशी रोजचा संबंध. इचलकरंजीच्या मागावर गेलेल्यांची पोरं तिकडचे नेते इकडं आणतात, सुट्टीला आले की प्रचार. त्यामुळं शहापूरकरांचा 'वसाहत ठरवते' हा नियम इथं पुरता लागत नाही. इथं साखर कारखाना ठरवतो. ऊस कुणाला घालता ते सांगा, मत कुणाला ते मी सांगतो.

राजहंसगड

शिवरायांच्या पुतळ्याचं कोण बोललंच नाही. मार्च २०२३, राजहंसगडावर एकाच पुतळ्याचं तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा अनावरण. आधी भाजपचे मुख्यमंत्री बोम्मई, मग काँग्रेसच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर. दोघंही राष्ट्रीय पक्षांची आणि दोघांनाही मराठी मत पाहिजे. येळ्ळूरची पोरं म्हणाली, आपल्याला दोनदा जेवण.

हे मी चेष्टेनं लिहितोय पण अर्थ आहे त्यात. समितीकडं दोनच गोष्टी होत्या, भाषा आणि महाराज. महाराज सगळ्यांनी वाटून घेतले. २०२० ला येडियुराप्पांनी मराठा विकास महामंडळ जाहीर केलं, ५० कोटींचं. कर्नाटकाच्या आरक्षण यादीत मराठ्यांना '३बी' गटातून '२ए'त घाला ही मागणीही आहेच. आता पोरगं विचारतंय, आरक्षण बेंगळुरातून मिळणार का मुंबईतून?

उद्यमबाग_टर्नर

जात काढायची नाही असं ठरलं होतं.

राजहंसगड

मी सरकारी यादी काढली.

अॅडमिन

दोघंही बरोबर. पुढं चला.

फौजी_खानापूर

मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. आमच्यासारख्यांची पोरं कुठल्याच वसाहतीत वाढत नाहीत. माझा मुलगा जबलपूर, पठाणकोट, बेळगाव कॅम्प असा शिकला. हिंदी त्याची पहिली भाषा. घरात टपालाच्या मतपत्रिकेचा विषय निघायचा तेव्हा तो विचारायचा, बाबा आपलं गाव लोकसभेला कारवारकडं का? खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात येतं, हे बेळगावातल्या लोकांनाही नीट माहीत नसतं. २०२४ ला काँग्रेसनं आमच्याच माजी आमदार अंजली निंबाळकरांना तिकडं उभं केलं, निवडून आले शिरसीकडचे कागेरी. मुलगा आता बेळगावात, एकगठ्ठा भाजप. छावणीत वाढलेल्या बहुतेक पोरांचं असंच दिसतं मला. सीमा म्हटलं की त्याला पठाणकोट आठवतं, कोगनोळी नाही.

सिल्कबोर्ड

बेंगळुरू. आईबाप वडगावचे, मागावर काम. माझ्या बॅचची बरीच पोरं इथं. राहतो बेलंदूर, व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी, जिथं कंपनी तिथं. शेजारी ओडिया, तेलुगू, बिहारी. इथं मी 'नॉर्थ कर्नाटक' आहे. गंमत म्हणजे बेळगावात मला कन्नड येत नव्हतं म्हणून लाज नव्हती, इथं पहिल्या सहा महिन्यांत शिकलो.

मत अजून बेळगाव दक्षिणला. १० मे २०२३ बुधवारी आला, आयोगानं मुद्दाम मधला वार धरला होता म्हणे, लोकांनी जोडून सुट्टी घेऊ नये म्हणून. आम्ही रात्रीच्या स्लीपरनं गेलो, मत दिलं, परत आलो. कुणाला? समितीला. रमाकांत कोंडुसकर उभे होते, भाजपच्या अभय पाटलांकडून १२ हजारांच्या आसपास मतांनी पडले. शहापूरकर, २०२३ चा 'शून्य' लिहिताना हा दुसरा नंबर तुमच्याकडून राहिला. बघा, कोंडुसकर श्रीराम सेनेतून आलेले. म्हणजे दक्षिणला हिंदुत्व विरुद्ध हिंदुत्व झालं आणि भाषा वर आली. पोरांना दोन्ही एकाच ताटात मिळालं तर ती समितीकडं परत येतात. २०२१ ला १ लाखाच्या वर आणि २०२४ ला १० हजारांच्या आत, याचं उत्तरही मला यातच दिसतं. पोटनिवडणुकीत दिल्लीचं सरकार ठरणार नव्हतं. मोकळं मत होतं. २०२४ ला पंतप्रधान ठरायचा होता.

शहापूरकर

हे पटलं. टर्नरभाऊंनी पहिल्याच उत्तरात एका ओळीत तेच सांगितलं होतं, विधानसभेला समिती, लोकसभेला मोदी. म्हणजे पक्ष बदललेला नाही, प्रत्येक निवडणुकीचा प्रश्न वेगळा आहे.

जुना_कट्टा

आमच्या वेळी प्रश्न एकच असायचा. म्हणून म्हणतो, काहीतरी गेलं.

किल्लातळं

काका, एकच प्रश्न होता म्हणून गटारं तुंबलेली राहिली.

जुना_कट्टा

गटारं आता वाहतात का?

किल्लातळं

नाही.

आझमनगर_९८

मी उशिरा आलो. एवढा मोठा धागा आणि 'सीमाभागातली दुसरी पिढी' म्हणताना आमचा एकदाही उल्लेख नाही. माझे आजोबा निपाणीचे, वडील बेळगावात ऑटोमोबाइलच्या धंद्यात. घरात दख्खनी, बाजारात मराठी, शाळेत कन्नड. आमचं मत कुठं जातं ते सगळ्यांना माहीत असल्यासारखं वागतात. उत्तरमध्ये २०२३ ला काँग्रेसचे आसिफ सेठ जिंकले. पण २०२१ च्या महापालिकेत एमआयएमचाही एक आला, म्हणजे आमच्यातही पोरांनी वेगळं करून बघितलं. मुंबईला गेलेले माझे चुलतभाऊ गोवंडीत सपाला देतात. समितीनं आम्हाला कधी विचारलं का, हा माझा जुना प्रश्न. आजोबा समितीच्या मोर्चात गेलेत, उगीच सांगत नाही.

शहापूरकर

@आझमनगर_९८, तुमच्या आजोबांच्या मोर्चाचं सविस्तर लिहा. खरंच.

आझमनगर_९८

विचारून लिहितो. ते अजून आहेत, पण एकदा सुरू झाले की चहा तीनदा होतो.

सायन्स_साइड

मी २० वर्षांची आहे. वर सगळे दुसऱ्या पिढीबद्दल बोलताय, बरेचसे चाळिशीचे वाटताय. मी खरी. आईबाप जांबोटीचे, मी जन्मले टिळकवाडीत, आता सांगलीत शिकते, लेकीचे वडील म्हणतात त्याच सीमाभागाच्या जागेवर प्रवेश मिळाला. पहिलं मत २०२४ ला दिलं, बेळगावात येऊन.

माझ्या वर्गातल्या सीमाभागातल्या मुलींपैकी कुणीच परत बेळगावात नोकरी शोधणार नाही. पुणं किंवा बेंगळुरू. तिथं मत कुणाला देऊ हे आत्ता मला माहीत नाही, पण समितीला देता येणार नाही एवढं माहीत आहे, कारण ती तिथं नसेल. आणि बेळगावात असतानाही समितीचं कुणी आमच्याकडं नोकरीबद्दल बोलायला आलं नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला या, एवढं सांगायला आले. मी गेले पण. चांगलं वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं.

सिल्कबोर्ड

बेंगळुरात आलीस तर कळव, पीजी कुठं बघायचं ते सांगतो. व्हाइटफील्ड नको.

सायन्स_साइड

धन्यवाद दादा. कोर्टकचेरी काका, एक विचारते. आई म्हणते नाव टिळकवाडीतच राहू दे, मी सांगलीत हॉस्टेलला. चालतं का? की तुमचं कलम ३१?

कोर्टकचेरी

घाबरू नकोस. शिकायला तात्पुरतं बाहेर असलीस आणि घर टिळकवाडीतच असलं तर नाव तिथं राहू शकतं. हॉस्टेलच्या पत्त्यावरही विद्यार्थी म्हणून नोंद करता येते, पण दोन्हीकडं नाही. नोकरीला लागून कायमची गेलीस की फॉर्म ८ भर, त्यात पत्ता बदलतो आणि जुन्या यादीतलं नाव निघतं. आधी फॉर्म ६ भरून नवीन नाव घालू नकोस. चंदगडी भाऊंच्या घरी तसंच झालं असणार.

चंदगडी_काजू

मी बोलत नाही म्हटलं ना!